घरचे चित्रफीत-भांडार : सॉफ्टवेअरची निवड

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत भारतातील असंख्य कुटुंबांनी आपले विवाहसमारंभ, बारशी आणि गृहप्रवेश व्हीएचएस फितींवर चित्रित करून घेतले. त्यापाठोपाठ मिनी डीव्ही जातीच्या लहान फिती आल्या, मग डीव्हीडी चकत्या आल्या आणि अखेरीस हे काम मोबाइल फोनकडे गेले. परिणामी एकाच कुटुंबाचा दृश्य इतिहास तीन-चार निरनिराळ्या माध्यमांवर विखुरला गेला. त्यांपैकी जुनी माध्यमे वाचणारी यंत्रे आता दुर्मिळ होत चालली आहेत. घरगुती व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरचे उत्पादन करणारी अखेरची ज्ञात कंपनी, जपानमधील फुनाई, हिने २०१६ मध्ये ते उत्पादन थांबविले. म्हणून अनेक घरांत या सर्व सामग्रीचे डिजिटल रूपांतर करून ती एका हार्ड डिस्कवर एकत्र साठविली जाते आणि बैठकीच्या खोलीतील दूरचित्रवाणी संचावर पाहिली जाते. या व्यवस्थेला घरगुती व्हिडिओ सर्व्हर असे म्हणतात.

या व्यवस्थेतील यंत्रसामग्रीची निवड तुलनेने सोपी असते. एखादा जुना संगणक, एक मोठी डिस्क आणि घरातील राउटर एवढ्यावर प्रारंभ करता येतो. सॉफ्टवेअरची, म्हणजे संगणकाला काम करावयास लावणाऱ्या आज्ञावलीची, निवड मात्र अवघड असते. सामान्यतः ती पडद्यावरील आकर्षक मांडणी पाहून किंवा कोणाच्या तरी शिफारशीवरून केली जाते. वस्तुतः या निवडीत दोन प्रश्न निर्णायक असतात. पहिला प्रश्न असा की, फाइलमधील संकेतांचे चित्रात रूपांतर करण्याचे काम कोणत्या यंत्राने करावयाचे? आणि दुसरा असा की, उद्या आज्ञावलीच्या निर्मात्याने आपले धोरण बदलले, तर घरातील संग्रहाचे काय होणार? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे बाकीच्या गोष्टी आवडीनिवडीच्या राहतात.

फाइलचे अंतरंग

पहिला प्रश्न समजण्यासाठी चित्रफितीच्या फाइलची रचना पाहिली पाहिजे. अशी फाइल म्हणजे एक वेष्टन असते. त्या वेष्टनात चित्राचा एक प्रवाह, ध्वनीचे एक किंवा अनेक प्रवाह आणि कधीकधी उपशीर्षके एकत्र बांधलेली असतात. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही वेष्टनांची नावे आहेत. यांपैकी एमकेव्हीचे पूर्ण नाव मात्रोष्का हे एकात एक बसणाऱ्या रशियन लाकडी बाहुल्यांच्या नावावरून घेतले आहे, आणि ते वेष्टनाच्या कल्पनेला साजेसे आहे.

वेष्टनाच्या आतील चित्र मूळ स्वरूपात नसते. ते जसेच्या तसे साठविले तर फाइल अवाढव्य होईल. म्हणून गणिती पद्धतीने त्याचा संकोच केलेला असतो. या पद्धतींना येथे संकेतन असे म्हटले आहे. डीव्हीडीवर एमपेग-२ हे संकेतन वापरले जाते. २००३ मध्ये एच.२६४ प्रमाणित झाले, २०१३ मध्ये एच.२६५ अथवा एचईव्हीसी आले आणि २०१८ मध्ये एव्ही१. प्रत्येक नव्या पद्धतीत त्याच दर्जाचे चित्र कमी जागेत बसते. परंतु ते उलगडण्यासाठी अधिक गणित करावे लागते.

दूरचित्रवाणी संचाच्या आत हे गणित करणारी एक चकती असते, तिला चिप म्हणतात. ती कारखान्यात ठरलेलीच संकेतने उलगडू शकते. फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी४ किंवा एमकेव्ही असे लिहिलेले असते ते केवळ वेष्टनाचे नाव होय. आतील संकेतनाविषयी त्यातून खात्रीने काहीच कळत नाही. एकाच प्रकारच्या नावाच्या दोन फाइलींपैकी एक संचावर चालते आणि दुसरी चालत नाही, याचे कारण बहुधा येथे सापडते. चित्र दिसते पण आवाज येत नाही, हाही नेहमीचा अनुभव आहे. अशा वेळी चित्राचे संकेतन संचाला परिचित असते, परंतु ध्वनीचे, उदाहरणार्थ डीटीएस पद्धतीचे, परिचित नसते.

तीन मार्ग

साठविलेली फाइल पडद्यापर्यंत नेण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात संगणकच केबलने दूरचित्रवाणी संचाला जोडला जातो. सर्व गणित संगणक करतो, आणि संच केवळ पडद्याचे काम करतो. कोडी ही आज्ञावली या मार्गाची प्रतिनिधी होय. ती बहुतेक सर्व संकेतने स्वतः उलगडते, त्यामुळे संचाच्या मर्यादांचा प्रश्न उद्भवत नाही. घरात एकच संच असेल तर हा मार्ग सर्वांत सरळ आहे. संच दोन-तीन झाले, किंवा फोनवरही पाहावयाचे असले, की त्याच्या मर्यादा जाणवू लागतात. कारण प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र यंत्र लागते आणि कोणी चित्रपट कोठपर्यंत पाहिला याची नोंद त्या-त्या यंत्रापुरती राहते. ती नोंद सामायिक ठेवण्याची सोय कोडीमध्ये आहे, पण ती करण्यास थोडे तांत्रिक ज्ञान आवश्यक असते.

दुसरा मार्ग डीएलएनए या प्रमाणाचा. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे घरातील जाळ्यावर एकमेकांना ओळखू शकावीत, या हेतूने २००३ मध्ये काही उत्पादकांनी एक संघटना स्थापन केली. ती संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली, परंतु तिचे प्रमाण असंख्य संचांत टिकून आहे. त्यामुळे संचावर काहीही नवीन न बसविता सर्व्हरवरील फाइलींची यादी दिसू शकते. मात्र ती यादी बहुधा साधी असते. तिच्यात मुखचित्रे, उपशीर्षके आणि पाहिल्याची नोंद यांची हमी नसते. जुना संच कामात ठेवण्यासाठी हा मार्ग उपयोगी आहे. संपूर्ण संग्रहाची मदार त्यावर ठेवणे सोयीचे नाही.

तिसऱ्या मार्गात कामाची विभागणी होते. संगणकावर सर्व्हर-आज्ञावली असते, आणि प्रत्येक संचावर किंवा फोनवर तिचे एक लहान ॲप बसविलेले असते. सर्व्हर संग्रहाची सूची ठेवतो, कुटुंबातील प्रत्येकाचे वेगळे खाते सांभाळतो, आणि ॲपला कोणते संकेतन चालते याची विचारपूस करून त्याप्रमाणे फाइल पाठवितो. प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन या तीन आज्ञावली या मार्गाच्या आहेत. निवडीचा खरा पेच बहुधा या तिघींतच असतो.

पुनर्संकेतनाचा भार

ॲपने मागितलेली फाइल सर्व्हर तीन प्रकारे पुरवू शकतो. संचाला फाइल जशीच्या तशी चालत असेल, तर ती तशीच पाठविली जाते. यात सर्व्हरवर जवळजवळ काहीच भार पडत नाही. केवळ वेष्टन चालत नसेल, तर प्रवाह तेच ठेवून वेष्टन बदलले जाते. हेही काम हलके असते. ध्वनीचे संकेतन तेवढे बदलावयाचे असल्यासही फारसा श्रम होत नाही. परंतु चित्राचे संकेतनच संचाला अपरिचित असेल, तर सर्व्हरला प्रत्येक चित्र उलगडून दुसऱ्या पद्धतीने पुन्हा बांधावे लागते, आणि तेही चित्रपट चालू असताना, त्याच वेगाने. याला पुनर्संकेतन म्हणता येईल. या सर्व आज्ञावली त्यासाठी एफएफएमपेग या मुक्त साधनाचाच आधार घेतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० मध्ये त्याचा प्रारंभ केला होता.

पुनर्संकेतन केवळ सामान्य प्रक्रियकावर टाकले, तर साधा संगणक दमतो, आणि पडद्यावरील चित्र अडखळू लागते. २०११ पासून इंटेलच्या अनेक प्रक्रियकांत या कामासाठी क्विक सिंक नावाचा स्वतंत्र विभाग असतो. त्याचा उपयोग केल्यास अल्प विजेत तेच काम सहज होते. मात्र या विभागाचा वापर करण्याची परवानगी जेलीफिनमध्ये विनामूल्य आहे, तर प्लेक्स आणि एम्बी यांत ती सशुल्क सदस्यत्वाशी जोडलेली आहे. याउलट २०२३ मधील रास्पबेरी पाय ५ या स्वस्त व लोकप्रिय लघुसंगणकात चित्र पुन्हा बांधणारा विभागच नाही. कोडी चालविण्यास तो पुरेसा आहे. पुनर्संकेतन करणारा सर्व्हर म्हणून त्याची निवड केल्यास निराशा पदरी येते.

जाळ्याचा वेगही विचारात घ्यावा लागतो. तीन तासांची विवाहाची फीत सेकंदाला ६ मेगाबिट या दराने साठविली, तर ती सुमारे ८ गिगाबाइट जागा घेते आणि कोणत्याही घरगुती वायफायवरून सुखेनैव वाहते. दोन तासांचा ३० गिगाबाइटचा चित्रपट मात्र सेकंदाला सरासरी ३३ मेगाबिट मागतो. ४के ब्लू-रे चकतीचा दर काही क्षणी १२८ मेगाबिटांपर्यंत चढू शकतो, आणि अनेक दूरचित्रवाणी संचांतील तारेची जोडणी तर १०० मेगाबिटांवरच थांबते. अशा संचावर तारेपेक्षा चांगले वायफाय अधिक वेगवान ठरते. सॉफ्टवेअरला दिला जाणारा दोष पुष्कळदा या अरुंद वाटेचा असतो.

दोन वंशावळी

आज उपलब्ध असलेल्या प्रमुख आज्ञावली स्वतंत्रपणे जन्मलेल्या नाहीत. त्या दोन वंशांतून आल्या आहेत, आणि त्यांचा इतिहास पाहिल्यास दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते.

पहिल्या वंशाचे मूळ एका खेळाच्या यंत्रात आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या यंत्रावर चित्रफिती पाहता याव्यात म्हणून काही हौशी प्रोग्रामरांनी २००२ मध्ये एक प्रकल्प हाती घेतला. त्यातून एक्सबॉक्स मीडिया सेंटर ही आज्ञावली निर्माण झाली. पुढे ती खेळाच्या यंत्रापुरती राहिली नाही, आणि २०१४ मध्ये तिने कोडी हे नाव घेतले. तिची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मजकूर, सर्वांसाठी खुली आहे. प्लेक्सचा उगमही येथेच आहे. २००८ मध्ये ॲपलच्या संगणकांसाठी या आज्ञावलीची एक शाखा निघाली. तिच्याभोवती कंपनी उभी राहिली आणि ती शाखा व्यापारी उत्पादन बनली.

दुसऱ्या वंशाचे मूळ विंडोज मीडिया सेंटरमध्ये सापडते. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये आणलेल्या या आज्ञावलीत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करण्याचीही सोय होती, आणि तिच्यावर अनेक घरांची व्यवस्था उभी होती. २०१५ मधील विंडोज १० मध्ये तिला स्थान दिले गेले नाही. जुन्या संगणकावर नवी प्रणाली चढविली की ती नाहीशी होत असे. या आज्ञावलीला पुरवणी म्हणून लिहिलेल्या मीडिया ब्राउझर या प्रकल्पाचे स्वतंत्र सर्व्हरमध्ये रूपांतर झाले होते, आणि २०१५ मध्ये त्याचे नाव एम्बी असे ठेवण्यात आले. प्रारंभी एम्बीची मूळ संहिता खुली होती. डिसेंबर २०१८ मध्ये तिच्या निर्मात्यांनी पुढील आवृत्त्यांची संहिता बंद केली. तथापि, जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली एकदा प्रसिद्ध झालेली संहिता परत घेता येत नाही. त्यामुळे काही स्वयंसेवकांनी एम्बीच्या ३.५.२ या आवृत्तीवरून त्याच महिन्यात जेलीफिन हा नवा प्रकल्प सुरू केला.

या इतिहासातून निर्मात्यांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रोग्रामरांना वेतन द्यावे लागते, आणि ग्राहकांच्या पैशावाचून व्यापारी उत्पादन तग धरीत नाही. परंतु अटी बदलू शकतात हे मात्र निश्चित. प्लेक्सने एप्रिल २०२५ मध्ये आजीवन सदस्यत्वाचे शुल्क सुमारे १२० डॉलरवरून सुमारे २५० डॉलरवर नेले, आणि घराबाहेरून आपला संग्रह पाहण्याची पूर्वी विनामूल्य असलेली सोय सशुल्क केली. ज्या कुटुंबाने परगावी राहणाऱ्या मुलांसाठी याच सोयीच्या भरवशावर व्यवस्था उभारली होती, त्याला नवा हिशेब मांडावा लागला.

मुक्त संहितेच्या प्रकल्पांची अडचण निराळी असते. तेथे शुल्क नाही, पण तक्रार ऐकण्यास बांधील असा कोणी विक्रेताही नाही. नव्या संचासाठी ॲप केव्हा येईल, हे स्वयंसेवकांच्या सवडीवर अवलंबून राहते. प्लेक्स आणि एम्बी यांची ॲप्स बहुतेक प्रमुख कंपन्यांच्या संचांवर सहज सापडतात. जेलीफिनचे ॲप अँड्रॉइड टीव्हीवर आणि अन्य काही प्रणालींवर मिळते. घरातील संचासाठी ते उपलब्ध आहे किंवा नाही, हे निर्णयापूर्वीच पाहावे. ॲप मिळत नसल्यास संचाला एक लहान अँड्रॉइड पेटी जोडून ही उणीव भरून काढता येते.

भारतीय संग्रहाचे विशेष प्रश्न

अमेरिकेत किंवा युरोपात लिहिलेल्या मार्गदर्शिकांत ज्यांचा विचार क्वचितच आढळतो, असे काही प्रश्न भारतीय घरांत उद्भवतात.

पहिला प्रश्न जुन्या फितींचा. युरोपातील अनेक देशांप्रमाणेच भारतात दूरचित्रवाणीसाठी पाल ही पद्धत स्वीकारण्यात आली होती. तिच्यात ६२५ ओळी असून त्यांपैकी ५७६ ओळींत चित्र असते, आणि सेकंदाला २५ चित्रे दाखविली जातात. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या काचेच्या पडद्याला ही रचना मानवत असे. आधुनिक पडद्यावर ते दोन हप्ते नीट सांधले गेले नाहीत, तर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा दिसतात. हे सांधण्याचे काम संच करू शकतो, ॲप करू शकते किंवा सर्व्हरही करू शकतो. कोडीमध्ये ही सोय फार पूर्वीपासून आहे. सर्व्हर-आज्ञावलींत पुनर्संकेतनाच्या वेळी ते साधते. मिनी डीव्ही फितींवरून उतरविलेल्या फाइलींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्या तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा व्यापतात, आणि त्यांचे संकेतन दूरचित्रवाणी संचांना बहुधा उलगडत नाही. त्या पाहण्यासाठी एच.२६४ मध्ये एकेक प्रत कायमची करून ठेवावी. मूळ फाइल मात्र पुसू नये, कारण संकोच केलेल्या प्रतीतून गेलेले बारकावे परत मिळविता येत नाहीत.

दुसरा प्रश्न लिपीचा. उपशीर्षकांची फाइल साध्या मजकुराची असते. देवनागरी, बंगाली किंवा तमिळ मजकूर युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ या रूपात साठविलेला असेल, तरच तो सर्वत्र योग्य दिसतो. जुन्या संगणकीय टंकांत लिहिलेला मजकूर प्रत्यक्षात रोमन चिन्हांच्या रूपाने साठविलेला असतो, आणि तो टंक नसलेल्या पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांग उमटते. मजकूर युनिकोडमध्ये असूनही काही ॲप्सना जोडाक्षरांची बांधणी साधत नाही. ‘कि’ मधील वेलांटी अक्षराच्या मागे जाते किंवा ‘क्ष’ फुटून दिसतो. अशा वेळी सर्व्हरला उपशीर्षके चित्रातच कोरून पाठविण्यास सांगता येते. पण तसे करणे म्हणजे संपूर्ण चित्राचे पुनर्संकेतन करणे होय, आणि त्याचा भार पूर्वी सांगितल्याप्रमाणे मोठा असतो. म्हणून भारतीय भाषांतील उपशीर्षके वापरणाऱ्याने ॲपची परीक्षा त्याच भाषेतील फाइलीने घ्यावी.

तिसरा प्रश्न ओळखीचा आहे. सर्व्हर-आज्ञावली फाइलचे नाव वाचते, इंटरनेटवरील सूचींत ते शोधते, आणि मुखचित्र व माहिती आणते. ‘देवदास’ एवढेच नाव दिले तर बिमल रॉय यांचा १९५५ मधील चित्रपट आणि संजय लीला भन्साळी यांचा २००२ मधील चित्रपट यांत गल्लत होते. ‘श्यामची आई’ या नावाचेही १९५३ आणि २०२३ असे दोन चित्रपट आहेत. नावापुढे कंसात वर्ष लिहिण्याची पद्धत या सर्व आज्ञावलींना समजते. घरगुती चित्रणाची नोंद मात्र जगातील कोणत्याही सूचीत नसते. आज्ञावलीवर सोडल्यास ती आजोबांच्या षष्ट्यब्दीला एखाद्या परदेशी चित्रपटाचे मुखचित्र चिकटविते. म्हणून या फाइली स्वतंत्र कप्प्यात ठेवून त्या कप्प्याचा प्रकार घरगुती चित्रणे असा निवडावा, आणि फाइलच्या नावातच तारीख, स्थळ व प्रसंग लिहावा.

चौथा प्रश्न विजेचा. अखंड चालू असलेला १० वॉटचा लघुसंगणक वर्षाला सुमारे ८८ युनिटे वीज वापरतो. ६० वॉटचा जुना संगणक सुमारे ५२६ युनिटे. या फरकातून काही वर्षांत नव्या यंत्राची किंमत निघू शकते. वीज एकाएकी गेल्यास डिस्कवर लिहिली जात असलेली सूची बिघडण्याचा संभव असतो, म्हणून लहानसा यूपीएस ही चैन समजू नये.

याखेरीज कायद्याचेही भान ठेवले पाहिजे. स्वतःच्या कौटुंबिक चित्रणाविषयी प्रश्न उद्भवत नाही. चित्रपटांच्या बाबतीत मात्र १९५७ चा कॉपीराइट अधिनियम लागू होतो. त्यात खाजगी उपयोगासाठी उचित वापराला वाव दिलेला आहे. पण चकतीवरील तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६५अ प्रमाणे गुन्हा ठरतो.

घराचे दार

घराबाहेरून संग्रह पाहता यावा, अशी इच्छा असणे स्वाभाविक आहे. परंतु त्यासाठी घरच्या जाळ्याला एक दार ठेवावे लागते. भारतातील अनेक इंटरनेट सेवा एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात, आणि त्यामुळे बाहेरून थेट जोडणी होतच नाही. प्लेक्स आपल्या कंपनीच्या मध्यस्थ संगणकांतून ही अडचण दूर करते. त्याच्या मोबदल्यात सर्व्हर कंपनीच्या खात्याशी बांधला जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये खातेदारांची काही माहिती परक्या हाती पडल्याने कंपनीने सर्वांना परवलीचे शब्द बदलण्यास सांगितले होते. ते शब्द सांकेतिक रूपात साठविलेले होते. तरीही मध्यवर्ती खात्यांत अंगभूत असलेला धोका त्यातून दिसून येतो. जेलीफिनमध्ये असे मध्यवर्ती खाते नाही. तेथे बाहेरच्या जोडणीची जबाबदारी सर्वस्वी घरमालकावर येते. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा करण्याऐवजी वायरगार्डसारख्या साधनाने खाजगी, कुलूपबंद मार्ग तयार करणे हा त्यावरील सुरक्षित उपाय होय.

दार कोणतेही असो, आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत केली नाही तर ते किलकिले राहते. २०२२ मध्ये लास्टपास या परवलीचे शब्द सांभाळणाऱ्या कंपनीवर मोठा हल्ला झाला. त्यात एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावरील प्लेक्स सर्व्हरमधील दोषाचा उपयोग करण्यात आला होता. तो दोष प्लेक्सने २०२० मध्येच दुरुस्त केला होता, परंतु त्या संगणकावर नवी आवृत्ती बसविलेली नव्हती.

निवडीची रीत

एवढे विवेचन झाल्यावर निवडीचा क्रम सांगता येतो. प्रथम संग्रहाची मोजदाद करावी: फाइली किती, कोणत्या संकेतनाच्या, कोणत्या भाषांतील उपशीर्षकांसह. त्यानंतर पाहणाऱ्यांचा विचार करावा. घरातील वृद्ध व्यक्तीला रिमोटच्या चार-पाच कळांत हवे ते सापडले पाहिजे. ही कसोटी तांत्रिक गुणांइतकीच महत्त्वाची आहे.

नंतर पाच फाइली परीक्षेसाठी काढाव्यात: व्हीएचएसवरून उतरविलेली एक, मिनी डीव्हीची एक, संग्रहातील सर्वांत मोठा चित्रपट, स्वभाषेतील उपशीर्षके असलेला एक चित्रपट आणि फोनवर घेतलेले एक अलीकडचे चित्रण. अखेरची फाइल महत्त्वाची आहे, कारण नव्या फोनांतील चित्रण बहुधा एचईव्हीसी संकेतनाचे असते, आणि त्यातील विस्तृत रंग जुन्या संचावर फिकट दिसू शकतात. दोन आज्ञावली एकाच संगणकावर बसवून त्यांना एकच संग्रह दाखविता येतो. त्यांना केवळ वाचनाची परवानगी दिल्यास मूळ फाइलींना धक्का लागत नाही. एखादी फाइल चालू असताना ती जशीच्या तशी जात आहे की तिचे पुनर्संकेतन होत आहे, हे प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन या तिन्हींच्या नियंत्रण-पृष्ठावर दिसते. आठवडाभर असा पडताळा घेतल्यास कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक विश्वसनीय उत्तर मिळते.

त्या उत्तराचा साधारण कल असा असतो. एक संच आणि मिश्र, जुना संग्रह असल्यास कोडी पुरेशी होते. अनेक संच, कमी तांत्रिक उसाभर आणि शुल्क देण्याची तयारी असल्यास प्लेक्स किंवा एम्बी सोयीची पडते. घरात थोडी तांत्रिक आवड असणारी व्यक्ती असेल, आणि संग्रह कोणत्याही कंपनीच्या खात्याशी बांधला जाऊ नये अशी इच्छा असेल, तर जेलीफिन योग्य ठरते.

आज्ञावली कोणतीही निवडली, तरी काही गोष्टी तिच्या हाती सोपवू नयेत. प्रसंग कोणता, माणसे कोण, साल कोणते, ही माहिती केवळ आज्ञावलीच्या सूचीत भरली, तर आज्ञावली बदलताच ती नष्ट होण्याची भीती असते. ती फाइलच्या नावात आणि फाइलीशेजारी ठेवलेल्या मजकुराच्या लहान फाइलीत लिहावी. कोडी, एम्बी आणि जेलीफिन या एनएफओ नावाच्या अशा शेजारफाइली वाचतात. शिवाय त्या कोणत्याही संगणकावर, कोणत्याही आज्ञावलीवाचून, उघडता येतात. संपूर्ण संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि शक्य असल्यास तिसरी प्रत नातेवाइकाच्या घरी ठेवावी. एकाच पेटीतील दोन डिस्कांवर तीच माहिती लिहिली जाते म्हणून संग्रह सुरक्षित आहे असे मानणे चूक आहे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही ठिकाणांहून एकाच क्षणी जाते.

विंडोज मीडिया सेंटरवर ज्यांनी केवळ पाहण्याचे काम सोपविले होते आणि फाइली साध्या कप्प्यांत ठेवल्या होत्या, त्यांना २०१५ नंतर एका सायंकाळी दुसरी आज्ञावली बसविता आली. आजची निवडही तशीच असावी. चार-पाच वर्षांनी सर्व्हर बदलण्याचा प्रसंग आला, तर विवाहाच्या फितीतील माणसे कोण होती हे सांगणारी घरातील वडीलधारी माणसे कदाचित असणार नाहीत. म्हणून ती नावे लिहून ठेवण्याचे काम सॉफ्टवेअरच्या निवडीपूर्वीच हाती घ्यावे.